गाठ

मामाचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, म्हणून स्पीकरवर टाकला.

"अगं, तू त्या दिवशी म्हणालीस ना, जनुकात बदल झालाय म्हणून, ते मी पाव्हण्यांच्या कानावर घातलं. असल्या बाबतीत लपवाछपवी नको. उद्या पोरीला बोल लागायचा."

भाकरी करपली. पाव्हणे म्हणजे बापूच्या मुलीला बघून गेलेले लोक. बापू माझा मामेभाऊ, वय ४४, गेल्या वर्षी गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आणि 'ते' म्हणजे हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी मामाला दिलेलं एका वाक्याचं उत्तर.

त्याचं असं झालं. बापू आत होता आणि आम्ही बाहेर. मामा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं हे. अण्णांनी ८८ वर्षांपर्यंत पान खाल्लं, तंबाखू चोळली, त्यांना काय झालं नाही. मग यालाच का?" मी ज्युनिअर कॉलेजात २६ वर्षं बायॉलॉजी शिकवलेली बाई. तोंडातून आपोआप निघालं, "मामा, कॅन्सर म्हणजे जनुकातला बदल. म्युटेशन." वर्गात हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल देव जाणे. मामाने मान डोलावली. त्याच्या डोक्यात काय गेलं ते मला त्या फोनपर्यंत कळलं नाही.

आपल्याकडे 'जनुक' म्हटलं की 'आनुवंशिक' आपोआप मागून येतं, जणू सख्खी भावंडं. मामाला वाटलं हे रक्तातून उतरणारं आहे, नातीतही असणार. आणि तो सरळ माणूस, सांगून मोकळा झाला. पाव्हणे "बघू, कळवतो" म्हणाले. आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे.

तर हे लिहायचं कारण ते. घरातले बरेचजण इथे वाचतात, त्यांच्यासाठी आधी एवढं स्पष्ट करते. बापूच्या गालातल्या काही पेशींमध्ये बदल झाले, तेही जन्मल्यानंतर, चाळीस-बेचाळीस वर्षांत कधीतरी. ते गालातच झाले. मुलांकडे जातात त्या पेशी वेगळ्या, त्यांच्यात ते नाहीत. मुलगी बापाच्या गालातलं काही घेऊन जन्माला येत नाही. काही कॅन्सर खरोखर घराण्यात चालतात (स्तनाच्या कॅन्सरमधली बीआरसीए ही जनुकं अनेकांनी ऐकली असतील), पण मावा खाऊन होणाऱ्या गालाच्या कॅन्सरची गोष्ट सहसा ती नसते.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मामाचा मूळ प्रश्न तसाच राहिला ना... अण्णांना का नाही आणि यालाच का? त्यासाठी वाचायला बसले आणि लक्षात आलं की माझं फळ्यावरचं वाक्य चूक नसलं तरी अर्धंच होतं. उरलेलं अर्धं शोधताना मला सगळ्यात आधी सापडलं ते आजीच्या कमरेवर.

आजीला नऊवारी लुगड्याशिवाय कधी पाहिलंच नाही. तिला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं, कमरेभोवती काळपट, जाड, खडबडीत पट्टा. पन्नास-साठ वर्षं त्याच जागी, त्याच ताकदीने मारलेली गाठ. "काष्टा सुटला तर शेतात काम कसं करायचं?" असं ती म्हणायची. आम्हाला ते घट्ट्यासारखंच वाटायचं, नांगर धरणाऱ्याच्या हाताला असतात तसं.

या पट्ट्याबद्दल १९४५ साली एक शोधनिबंध छापून आलाय, तोही एका मराठी माणसाचा. डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५. विकृतिशास्त्राचे डॉक्टर, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोग ओळखणारे. परळचं टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं आणि तिथली प्रयोगशाळा खानोलकरांनी उभी केली. देशभरातून पेशंट यायचे आणि खानोलकरांचं लक्ष एका विचित्र गोष्टीकडे गेलं. हा रोग माणसाला कुठे होतो ते बघून तो माणूस कसा राहतो हे सांगता येत होतं.

खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ च्या त्या निबंधात रीतिरिवाजांतून येणारे तीन नवे कॅन्सर मांडले. विडी उलटी, जळकं टोक तोंडात धरून ओढणारे आंध्र किनाऱ्यावरचे लोक, त्यांना टाळूचा. खालच्या ओठामागे खैनी धरून ठेवणारे बिहारकडचे, त्यांना तिथल्या हिरडीचा. आणि तिसरा, धोतर घट्ट कसून बांधणाऱ्यांना कमरेच्या कातडीचा. डॉक्टरी पुस्तकांत त्याचं नावच धोती कॅन्सर पडलं. काश्मिरात पोटाशी धरायच्या कांगडीमुळे होणारा कॅन्सर त्याआधीच माहीत होता, त्याच्याच पंगतीतला.

मराठीत ही गंमत आहे बघा. धोतराचीही गाठ आणि रोगाचीही गाठ. (गंमत म्हणावं का याला, माहीत नाही.)

एका जागी रोज कातडी घासते. सोलते, भरते, पुन्हा सोलते. आधी रंग बदलतो, मग ती जाड होते, खपल्या निघतात, आणि फार थोड्यांच्या बाबतीत एक जखम अशी होते की ती भरतच नाही. फ्रान्समधल्या मार्जोलिन नावाच्या सर्जनने १८२८ साली जुन्या व्रणांवर उठणाऱ्या अशा चिवट जखमांचं वर्णन केलं होतं. आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क बायकांच्या केसेस एका ब्रिटिश वैद्यकीय पत्रिकेत छापल्या. त्यातली एक चाळीस वर्षं लुगडं नेसणारी, आतून परकर नाही, कमरेला घट्ट गाठ. सैल बांधा, असं त्यांनी सुचवलंय. घरातल्या समस्त काकू-मावश्यांनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहितेय.

खानोलकरांची दिशा मला आवडली. आमका रोग तमक्या जातीत जास्त म्हटलं की "रक्तातच असेल" हा सोपा निष्कर्ष त्या काळी कुणीही काढला असता. ते उलट विचारत राहिले की हे लोक नेसतात काय, खातात काय, चघळतात काय. पण हेही खरं की धोतर-लुगडं करोडो लोक नेसले. माझ्या आजीचा पट्टा शेवटपर्यंत नुसता पट्टाच राहिला. म्हणजे घासणं हेही अर्धंच उत्तर.

इथे जमालगोटा येतो. हसू नका, खरंच येतो.

जमालगोट्याचं तेल जुन्या लोकांना माहीत असेल ते जुलाबासाठी, आणि अंगाला लागलं तर कातडी लालभडक होऊन फोड येतात म्हणून. इंग्लंडात ऑक्सफर्डला बेरेनब्लुम नावाच्या संशोधकाने १९४१ च्या सुमारास उंदरांच्या पाठीवर प्रयोग केले. डांबरातली काही द्रव्यं वारंवार चोपडली की उंदराला कॅन्सर होतो हे तेव्हा ठाऊक होतं. बेरेनब्लुमचं वेगळेपण असं की ते द्रव्य अगदी थोडं लावायचं, ज्याने एरवी काही होत नाही. मग त्याच जागी आठवड्यामागून आठवडे जमालगोट्याचं तेल. गाठी आल्या! नुसतं जमालगोट्याचं तेल लावलं तर जवळजवळ काहीच नाही. क्रम उलटा केला, आधी जमालगोटा आणि मग ते द्रव्य, तरी काही नाही. १९४७ मध्ये त्याने शुबिक या सहकाऱ्याबरोबर दाखवलं की पहिलं चोपडणं एकदाच केलं आणि मध्ये बरेच आठवडे जाऊ दिले तरी चालतं. कातडी ते लक्षात ठेवते. वरून साफ, गुळगुळीत, केसाळ, कुणाला सांगून खरं वाटणार नाही. पण आत काहीतरी वाट बघत पडलेलं असतं.

हे 'काहीतरी' काय, ते पुढे चाळीसेक वर्षांनी कळलं. पहिल्या चोपडण्याने उंदराच्या एका ठरावीक जनुकात (रास नाव त्याचं) एका अक्षराचा फरक पडलेला असतो. जमालगोटा जनुकाला हात लावत नाही. तो भोवतालची कातडी सुजवतो, पेशींना भराभरा वाढायला लावतो, आणि त्या गर्दीत ती बदललेली पेशी हात-पाय पसरते.

त्याच काळात अमेरिकेत पेटन राउस. डांबर लावून मग बऱ्या दिसणाऱ्या सशाच्या कानाला त्याने भोकं पाडली. भोकाची जखम भरायला लागली तशा तिच्या कडेने गाठी उठल्या. हाच राउस १९११ मध्ये कोंबड्यांना कॅन्सर देणारा विषाणू सापडवून बसला होता आणि त्याला नोबेल मिळालं ते थेट १९६६ साली, पंचावन्न वर्षांनी. चिकाटी म्हणजे काय ते इथे शिकावं.

राउसच्या कोंबडीची पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की त्या विषाणूतलं कॅन्सरचं जनुक मूळचं कोंबडीचंच, विषाणूने कधीकाळी उचललेलं. १९८२ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये एका जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं सापडलं. तिथून पुढची वीस वर्षं सगळा बोलबाला जनुकांचा. माझी एम.एस्सी. त्याच वाऱ्यातली, आणि फळ्यावरचं वाक्यही त्याच वाऱ्यातलं. पण नेमक्या त्या काळात, १९८४-८५ मध्ये, कॅलिफोर्नियात मीना बिसेल ही मूळची इराणी बाई एक साधा प्रश्न विचारत होती. हे जनुक इतकं जबरदस्त असेल तर ते जिथे जाईल तिथे गाठ व्हायला हवी. होते का?

तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी राउसचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात सोडला. विषाणू पसरला, जनुक कामाला लागलं, आणि गाठ नाही. गर्भ आपला वाढतोय. मग पिल्लांच्या पंखात विषाणू टोचला. टोचल्या जागी गाठ आली, पण विषाणू रक्तातून सगळीकडे फिरत असूनही बाकी कुठे नाही. का? म्हणून दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली. विषाणू न टोचता. तिथे गाठ उठली.

मी हे वाचून वही मिटून बराच वेळ बसले. २६ वर्षं मी मुलांना कोंबडीचा पहिलाच पंख शिकवत होते.

या सगळ्याला एक जुना बाप आहे. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने १८८९ मध्ये 'लॅन्सेट' या पत्रिकेत लिहिलं होतं. स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी त्याने तपासल्या. रोग शरीरात पसरतो तो कुठेही नाही, काही अवयवांत वारंवार आणि काहींत क्वचितच. त्याने उपमा दिली बियांची आणि मातीची, बी वाऱ्यावर सगळीकडे जातं, पण रुजतं ते त्याला मानवणाऱ्या जमिनीत. हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात नुसत्या ओलीवर मालदांडी डोक्याएवढी येते आणि तेच बी माळावर टाकलं तर गुडघ्याला लागत नाही. पॅजेटचं हे म्हणणं मधली कित्येक दशकं अडगळीत पडलं. तो बोलत होता रोग पसरण्याबद्दल, पण रोग सुरू होतानाही बहुतेक हेच चालतं.

आता अण्णांकडे येते.

२०१५ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या लोकांनी चक्क निरोगी कातडी तपासली. पापण्या लोंबतात म्हणून ऑपरेशन करून काढलेली, एरवी कचऱ्यात जाणारी. पन्नाशी-सत्तरीतल्या चार जणांची. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या पेशींमध्ये कॅन्सरला ढकलणारे बदल होते. कॅन्सर नव्हता! कातडी आपलं काम व्यवस्थित करत होती. २०१८ मध्ये त्याच संस्थेतून अन्ननलिकेचा अभ्यास आला आणि तो तर बुचकळ्यात पाडणारा. मध्यमवयानंतर निरोगी अन्ननलिकेचा मोठा भाग नॉच-१ या जनुकात बदल झालेल्या पेशींनी व्यापलेला, आणि प्रत्यक्ष अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये तोच बदल त्यामानाने कमी आढळतो. म्हणजे बदल झाला की कॅन्सर असं नाहीच. शेजारपाजार शाबूत असेल तर अशा पेशी वर्षानुवर्षं निमूट नांदतात. लंडनच्या क्रिक संस्थेच्या लोकांनी २०२३ मध्ये फुप्फुसाबद्दल असंच काही दाखवलं, हवेतली बारीक धूळ नवे बदल घडवण्यापेक्षा फुप्फुसाला सूज आणते आणि आधीपासून झोपलेल्या बदललेल्या पेशींना उठवते. सोलापुरात रस्त्यावरची धूळ खात मोठे झालेल्या आम्हाला हे वाचून जरा खोकलाच आला.

अण्णांच्या गालातही अशा पेशी असणार. जवळजवळ नक्कीच. मग फरक कुठे? काही अंशी नशीब, हे मान्य करते. पण बापूच्या गालात आणखी एक गोष्ट होती, ती आम्हा सगळ्यांना दिसत होती, आणि कुणी तिचं नाव घेतलं नाही.

बापूने दहावीत मावा सुरू केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कच्ची सुपारी कातरलेली, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घेऊन तळहातावर रगडायचं. (गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. टपरीवर जाऊन बघा किती बंद आहे ते.) अण्णा जेवणानंतर पान लावायचे, थुंकायचे, चूळ भरायचे. बापूच्या गालात सकाळी सातपासून गोळी असायची. पस्तिशीत त्याला तिखट सोसेनासं झालं. सोलापूरचा माणूस आणि शेंगाचटणी नको म्हणतो! आम्ही हसलो. मग वडापाव दाबून चपटा करून खायला लागला. एका दवाखान्यात कित्येक महिने तोंड आल्याचं मलम देत राहिले. तोंड उघडून बोटं घालून बघा, तीन बोटं उभी जायला हवीत. बापूची दीड जात होती.

या दुखण्याचा इतिहासही आपल्याच लोकांचा आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये ते पाहून लांबलचक लॅटिन नाव दिलं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. जोशींनी ते इथल्या पेशंटमध्ये पाहून सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं, आणि आज जगभर तेच नाव चालतं. तोंडाच्या मऊ अस्तराखाली दोऱ्यांसारखे तंतू साठत जातात. सुपारीतलं अरेकोलिन तंतू तयार करणाऱ्या पेशींना जोर आणतं, तिच्यातली तुरट द्रव्यं जुने तंतू विरघळू देत नाहीत, आणि तिच्यातलं तांबं त्या तंतूंना एकमेकांत घट्ट विणायला मदत करतं. आमच्या सोलापूरची चादर कशी, उभा-आडवा धागा ठोकून बसवलेला, तसं गालाच्या आत होतं. रक्त कमी पोचतं, वरचं अस्तर पातळ पडतं, सूज कायमची. म्हणजे जखम भरण्याचं काम सुरू झालंय आणि ते थांबवा म्हणून सांगणारंच कुणी नाही. हार्वर्डच्या ड्वोरॅकने १९८६ मध्ये गाठीला 'न भरणारी जखम' म्हटलं होतं. इथे तर जखमच आधी तयार.

तंबाखू बी बदलते आणि सुपारी रान बिघडवते, असं लिहून मी मोकळी होणार होते. पण हिशोब इतका स्वच्छ नाही. सुपारी एकटीही कॅन्सर करते, तंबाखू नसताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये तसं जाहीर केलं. लहान मुलांना गोड सुपारीची पुडी कौतुकाने देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि उलट बाजूही सांगायला हवी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतगटाने केरळमधल्या अशा पेशंटांवर १७ वर्षं नजर ठेवली, त्यांच्या १९८५ च्या अहवालात ७.६ टक्के लोकांना पुढे कॅन्सर झाला. बाकीच्यांना तोवर नाही. बिघडलेलं रानही एकटं पुरत नाही.

गालाच्या या कॅन्सरची जनुकं आपल्याच लोकांनी वाचली आहेत. खारघरचं ॲक्ट्रेक (ते खानोलकरांच्या संशोधन केंद्राचंच पुढचं रूप) आणि कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांनी मिळून ११० पेशंट तपासले आणि २०१३ मध्ये छापलं. त्यात वारंवार बिघडलेल्या जनुकांच्या यादीत टीपी-५३ आहे, कॅस्प-८ आहे आणि नॉच-१ सुद्धा आहे. हेच नॉच-१ निरोगी अन्ननलिकेत सुखाने नांदत होतं. एकच अक्षर, पण वाक्य वेगळं.

बार्शीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण मामाचं वैराग त्याच तालुक्यात. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी. त्यात बायकांमध्ये वरचा नंबर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा निघाला. तिथेही गोष्ट हीच. एचपीव्ही विषाणू पुष्कळ बायकांना होतो आणि बहुतेकींचं शरीर तो घालवून टाकतं. जिथे दोन तऱ्हेची अस्तरं एकमेकांना भिडतात त्या कड्याजवळ तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला तर धोका. माझी एक मावशी उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात दिलेली. तिच्या भागात १९९९ नंतर बार्शीच्या डॉ. नेने आणि टाटाच्या लोकांनी तपासणीचा मोठा प्रयोग केला, एक लाख एकतीस हजारांवर बायका. २००९ मध्ये निकाल आला, एकदाच एचपीव्ही तपासलेल्या चौतीस हजारांच्या गटात ३४ मृत्यू, न तपासलेल्या साडेएकतीस हजारांच्या गटात ६४. त्या न तपासलेल्या गटावरून नंतर बरीच टीकाही झाली आणि ती वाचताना मला आकड्यांऐवजी मावशीच दिसत राहिली.

आनुवंशिकतेवरचं एक राहिलं, आणि ते मामाला सगळ्यात पटलं म्हणून सांगते. खानोलकरांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे तयार झाल्या (जन्म १९१७, माहेरच्या समर्थ). बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी बाटलीत वाढवायला शिकून आल्या आणि मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली. त्या उंदरांच्या स्तनांच्या कॅन्सरवर काम करायच्या. त्या उंदरांत हा रोग आईकडून मुलीकडे जातो हे सर्वांना माहीत होतं. घराणंच तसं, म्हणायचे. १९३६ मध्ये अमेरिकेत बिटनरने अशा उंदरिणीची पिल्लं जन्मल्याबरोबर दुसऱ्या, निरोगी जातीच्या आईच्या दुधावर ठेवली. रोगाचं प्रमाण एकदम खाली आलं. आईच्या दुधातून एक विषाणू जात होता! पुढे रणदिव्यांच्या कामाचा भर तोच राहिला, जात, विषाणू आणि शरीरातले हार्मोन्स एकमेकांत कसे मिसळतात यावर.

गेल्या रविवारी वैरागला गेले. मामाला हे सगळं सांगितलं, जमालगोट्यासकट. जमालगोट्याला तो मनापासून हसला. उंदरिणीच्या दुधाचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे बी खराब नव्हतं. रान आपण खराब केलं."

"दोन्ही बिघडलं मामा. आणि दोन्ही एकाच पुडीने."

हे बोलल्याबरोबर जीभ चावली. कारण आत बापू ऐकत होता. आधी मी मामाला नातीच्या काळजीत टाकलं, आता पोराला दोषी ठरवून बसले. बापूने दहावीत पहिली पुडी घेतली ती टपरी शाळेच्या फाटकासमोर होती, आणि ती तिथे कशी, हे आमच्यापैकी एकाही मोठ्या माणसाने कधी विचारलं नव्हतं. तेही मग बोलून टाकलं. मामा काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठून पाव्हण्यांना फोन लावला आणि त्यांना माझ्याच हातात देऊन म्हणाला, "आमची भाची मास्तरीण आहे, ती सांगंल." मी दहा मिनिटं सांगितलं. पलीकडून "बरं, बरं" येत होतं. अजून काही निरोप नाही.

निघताना वहिनी बापूच्या तोंडाचा व्यायाम घेत होती. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या असतात ना, त्या एकीवर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, जेवढ्या बसतील तेवढ्या, आणि तसंच धरून बसायचं. पोरगी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहिते. शनिवारी अठरा होता. बापूने डोळे गच्च मिटले, वहिनीने आणखी एक काडी हळूच आत सारली.

"एकोणीस," पोरगी म्हणाली आणि पेन शोधायला लागली.